चलानाचं वॉरंट आणि विमानतळाची रांग : दोन याद्यांचा इतिहास



संशोधनाची तयारी करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: "विषयच सापडत नाही." म्हणून आज रोजच्या व्यवहारातला एक साधा प्रश्न घेऊ आणि त्याच्यामागे किती इतिहास दडलेला आहे ते पाहू.

प्रश्न अमेरिकेतला आहे. समजा एखाद्याला वेगमर्यादा मोडल्याबद्दल चलान मिळालं. त्याने दंड भरला नाही, कोर्टाची तारीखही चुकवली आणि त्याच्या नावाने वॉरंट निघालं. आता तो विमानाने दुसऱ्या शहरात निघाला, तर विमानतळावर पकडला जाईल का? तिथे शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांनाही हा प्रश्न पडतो.

थोडक्यात उत्तर असं: देशातल्या देशात उडताना सुरक्षा तपासणीची रांग असलं वॉरंट शोधत नाही. परदेशातून अमेरिकेत उतरताना मात्र ते दिसू शकतं. वकिलाचं काम इथे संपतं. आपलं इथून सुरू होतं. एकाच सरकारकडे "हवी असलेली माणसं" अशी एक यादी आहे आणि "आज उडणारी माणसं" अशी दुसरी यादी आहे. मग त्या दोन्ही एकमेकींशी ताडून का पाहिल्या जात नाहीत?

चलानाचं वॉरंट होतं कसं?

वेगमर्यादा मोडणं हा बहुतेक ठिकाणी फक्त दंडाचा मामला आहे. वॉरंट निघतं ते तारखेला हजर न राहिल्याबद्दल. न्यायाधीश आपल्या आसनावरूनच काढतात म्हणून त्याला बेंच वॉरंट म्हणतात. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

१९७१ साली टेट विरुद्ध शॉर्ट हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गाजला. ह्यूस्टनमधल्या एका गरीब माणसावर वाहतुकीच्या गुन्ह्यांचा मिळून ४२५ डॉलर दंड होता. पैसे नव्हते, म्हणून दिवसाला ५ डॉलर या हिशेबाने त्याला ८५ दिवस डांबायचं ठरलं. न्यायालयाने सांगितलं की ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे, तिथे निव्वळ गरिबीमुळे दंडाची कैद करता येणार नाही.

निकाल चांगलाच होता, पण बाजूची वाट उघडी राहिली. दंड न भरल्याबद्दल थेट तुरुंग नाही. पण पैसे नाहीत म्हणून जो कोर्टात जायलाच घाबरतो, त्याच्यावर गैरहजेरीचं वॉरंट निघू शकतं. ही वाट किती रुंद झाली ते २०१५ मध्ये न्याय खात्याच्या फर्ग्युसन अहवालातून दिसलं. मिसूरी राज्यातलं फर्ग्युसन हे सुमारे २१,००० वस्तीचं गाव. २०१३ या एका वर्षात तिथल्या नगर न्यायालयाने ९,००० हून जास्त वॉरंट काढली होती, त्यातली बरीचशी पार्किंग, वाहतूक अशा किरकोळ प्रकरणांतली. डिसेंबर २०१४ मध्ये १६,००० हून अधिक लोकांवर तिथली वॉरंट प्रलंबित होती. त्यातले बरेच आसपासच्या गावांतले असले, तरी आकडा गावाच्या लोकसंख्येच्या पाऊणपट होतो!

म्हणजे "वॉरंट असलेला माणूस" म्हटल्यावर डोळ्यांसमोर फरार दरोडेखोर येत असेल, तर ते चित्र आधी पुसा.

पहिली यादी : हवी असलेली माणसं

जानेवारी १९६७ मध्ये एफबीआयने एनसीआयसी नावाची संगणकीय नोंदवही सुरू केली. चोरीच्या गाड्या, चोरीची शस्त्रं आणि पोलिसांना हवी असलेली माणसं एका जागी शोधता यावीत, हा हेतू. रस्त्यावरचा पोलीस नाव किंवा गाडीचा नंबर कळवतो आणि उत्तर येतं.

किरकोळ वाहतूक वॉरंट बहुतेक वेळा या राष्ट्रीय वहीपर्यंत पोचत नाही. राज्याच्या किंवा काउंटीच्या नोंदीतच राहतं. कारण अगदी व्यावहारिक आहे. शंभर-दोनशे डॉलरच्या दंडासाठी हजार मैलांवरून माणूस कोण आणणार? राष्ट्रीय वहीतल्या वॉरंटच्या नोंदीसोबतही "इतक्या अंतरापर्यंतच आणायला येऊ" अशी मर्यादा लिहिता येते.

या यादीचा दुसरा गुण म्हणजे ती चुकते. याचं उत्तम उदाहरण ॲरिझोना विरुद्ध इव्हान्स हा खटला. फिनिक्समधल्या या माणसावर वाहतुकीच्या प्रकरणांत गैरहजर राहिल्याबद्दल डिसेंबर १९९० मध्ये वॉरंट निघालं. सहाच दिवसांत ते रद्दही झालं. पण संगणकातली नोंद कोणी पुसली नाही. १७ दिवसांनी, ५ जानेवारी १९९१ रोजी, पोलिसांनी त्याला एकेरी रस्त्यावर उलट दिशेने गाडी चालवताना अडवलं, संगणकाने "वॉरंट आहे" असं सांगितलं आणि अटक झाली. झडतीत गांजा सापडला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. चूक न्यायालयाच्या कारकुनांकडून झालेली दिसते, पोलिसाने संगणकावर प्रामाणिक विश्वास ठेवला, असा त्यामागचा तर्क.

पुढे २०१६ मध्ये युटा विरुद्ध स्ट्रीफ या खटल्यात तर पोलिसाने माणसाला बेकायदा अडवलं होतं. पण नाव तपासल्यावर जुनं, किरकोळ वाहतूक वॉरंट निघालं आणि त्या आधारावर केलेल्या झडतीतला पुरावा ५ विरुद्ध ३ मतांनी टिकला. न्यायमूर्ती सोनिया सोतोमायोर यांनी विरोधी मतात दाखवून दिलं की सरकारी नोंदींत ७८ लाखांहून अधिक वॉरंट पडून आहेत आणि त्यातली बहुसंख्य किरकोळ गुन्ह्यांची दिसतात.

दुसरी यादी : उडणारी माणसं

विमानतळाची तपासणी वेगळ्या भीतीतून जन्मली. १९६८ ते १९७२ या काळात अमेरिकेत विमान अपहरणांची लाटच आली होती. जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. पण वॉरंट नसताना, संशय नसताना हजारो लोकांच्या बॅगा उघडायच्या कोणत्या अधिकाराने? त्याच वर्षी नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने अमेरिका विरुद्ध डेव्हिस या खटल्यात उत्तर दिलं: ही तपासणी चालेल, कारण तिचा हेतू शस्त्रं आणि स्फोटकं विमानात जाऊ न देणं हा आहे. गुन्ह्यांचे पुरावे गोळा करण्यासाठी ती वापरली, तर हे समर्थन कोसळतं.

या रांगेची परवानगीच मर्यादित हेतूवर उभी आहे. आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा पाया हाच.

नाव विचारणं नंतर आलं. १९९६ मध्ये टीडब्ल्यूए ८०० विमानाचा स्फोट झाला. आधी घातपाताचा संशय होता, तपासात कारण इंधनाच्या टाकीतला स्फोट असं निघालं; पण ओळखपत्र दाखवण्याची पद्धत त्या संशयाच्या काळात पक्की झाली. नोव्हेंबर २००१ मध्ये टीएसए ही स्वतंत्र सुरक्षा संस्था कायद्याने स्थापन झाली.

२००३ : दोन याद्या जवळ आल्या तेव्हा

टीएसए तेव्हा कॅप्स-२ नावाची प्रणाली बांधत होती. प्रत्येक प्रवाशाची माहिती घेऊन त्याचा धोका मोजायचा. ऑगस्ट २००३ च्या सरकारी अधिसूचनेत तिचा हेतू वाढवण्यात आला: दहशतवादाबरोबरच हिंसक गुन्ह्यांचं वॉरंट असलेली माणसं ओळखणं. इथे पहिली यादी दुसरीच्या दारात उभी राहिली. तेव्हाही फक्त हिंसक गुन्हे, वाहतूक चलान नाही. पण एकदा दार उघडलं की पुढची पायरी किती सोपी असते, हे खासगीपणाच्या हक्कासाठी लढणाऱ्यांनी ओळखलं आणि जोरदार टीका झाली. फेब्रुवारी २००४ मध्ये संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितलं की संसदेने घातलेल्या आठ मुद्द्यांपैकी टीएसएने एकच पूर्ण केला आहे. त्याच वर्षी कॅप्स-२ गुंडाळली गेली.

तिच्या जागी आलेली सिक्युअर फ्लाइट २००९ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. ती नाव, जन्मतारीख आणि लिंग घेते आणि दहशतवादविषयक यादीशी ताडून पाहते. वॉरंटचा हेतू तिच्यातून वगळला गेला.

खिडकी बदलली की नियम बदलतो

आता सुरुवातीच्या उत्तरातले दोन "पण" समजतील. पहिला: विमानतळावर पोलीस असतातच. भांडण झालं, कागदपत्रांत गडबड निघाली आणि पोलिसांनी नाव तपासलं, तर वॉरंट दिसू शकतं. दुसरा: परदेशातून येताना सीमेवरचे अधिकारी तपासतात. २००१ च्या कायद्याने विमान कंपन्यांना येणाऱ्या प्रवाशांची यादी आधीच पाठवणं बंधनकारक केलं आणि सीमेवरच्या अधिकाऱ्यांची प्रणाली एनसीआयसीशी जोडलेली आहे. सीमेवर झडतीचे अधिकार परंपरेनेच मोठे, त्यामुळे तिथे "मर्यादित हेतू"चा बांध तेवढा उंच नाही.

म्हणून कोणी मित्र विचारत असेल, तर "रांगेत कोणी बघत नाही" एवढं सांगून सोडू नका. वॉरंट आपोआप मरत नाही. संबंधित कोर्टाच्या कार्यालयाशी किंवा वकिलाशी बोलून नवी तारीख घेणं आणि वॉरंट रद्द झाल्याचा कागद जवळ ठेवणं शहाणपणाचं. तो कागद का लागतो, ते इव्हान्सच्या खटल्यात पाहिलंच. शिवाय अमेरिकी व्हिसाच्या अर्जात "कधी अटक झाली आहे का" हा प्रश्न असतो, आणि किरकोळ चलानातून अटक उद्भवली तर ती तिथे लिहावी लागते.

संशोधकाने यातून काय घ्यायचं?

एक, न घडलेल्या गोष्टींनाही इतिहास असतो. याद्या जोडल्या गेल्या नाहीत, त्यामागे १९७३ चा निकाल, २००४ चा अहवाल आणि लोकांचा विरोध आहे. तंत्रज्ञान आड आलं नव्हतं. मी विज्ञान शाखेतून आलोय, त्यामुळे "शक्य होतं ते होतंच" असं मानायची सवय आमच्याकडे फार. ती सवय अशा अभ्यासात सोडावी लागते.

दोन, प्रत्येक नोंदवहीला तिचा मूळ हेतू विचारा. ती कोणी, कोणत्या भीतीतून बनवली? तिच्यात चूक झाली तर भुर्दंड कोणाला? फर्ग्युसनचे आकडे आणि इव्हान्सचे १७ दिवस याच प्रश्नांची उत्तरं आहेत.

तीन, साधनं उघडीच आहेत. निकालपत्रं, त्यातली विरोधी मतं, सरकारी अधिसूचना आणि लेखापरीक्षणाचे अहवाल हे सगळं मोफत वाचता येतं. विरोधी मत तर आवर्जून वाचा. बहुमताने बाजूला ठेवलेले आकडे अनेकदा तिथे सापडतात.

दोन याद्यांमधली ही भिंत बरीचशी धोरणाची आहे, आणि धोरणं बदलतात. आपल्याकडे ई-चलान आले आहेत, विमानतळावर चेहऱ्यावरून ओळख पटवणारी डिजियात्रा आली आहे. या दोन नोंदींचे मूळ हेतू कोणते आणि ते कोणत्या कागदावर लिहिलेत? प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाला एवढा प्रश्न पुरेसा आहे. शोधायला लागा.