दोघेही पडतात तो चित्रपट

१९७० साली जपानच्या पडद्यावर आंधळा मालिशवाला झातोइची आणि भाडोत्री रक्षक योजिंबो आमनेसामने आले. शिंतारो कात्सु आणि तोशिरो मिफुने, दोघेही तरवारीचे बादशहा. शेवटी पाती भिडतात, पण मरत कुणीच नाही. दोघांच्याही नावावर तिकिटं खपत होती, मग मारायचं कुणाला?

आपल्याकडे ही पंचाईत नव्हती. सिंहगडाच्या लढाईत तानाजी आणि मुघलांचा किल्लेदार उदेभान दोघेही पडले. आमचं कळंब इंदापूर परगण्यातलं, म्हणजे भोसल्यांच्या जुन्या जहागिरीतलं. इथं तानाजी कुणाला सांगावा लागत नाही. सांगावी लागते ती त्याला पडद्यावर आणणारी कंपनी.

बाबूराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटकांचे पडदे रंगवत. चित्रपटाच्या ध्यासानं त्यांनी स्वतःच कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. कॅमेरा बाबूरावांनी सहकारी दामल्यांच्या साथीनं पुरा केला. गायिका तानीबाई कागलकरांनी पैसा दिला, शाहू महाराजांनी आधार दिला आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला, की पुढे तो प्रसंग काढून टाकावा लागला. टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं.

१९२३ चा ‘सिंहगड’ हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरचा. मूकपट असल्यानं तरवारींचा खणखणाट ऐकू येणार नव्हता; सगळा भार अंगावर. कोल्हापुरात तालमींना तोटा नव्हता, हे कंपनीचं भाग्यच म्हणायचं. लढाई रात्रीची, म्हणून बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांच्या उजेडात चित्रण केलं. त्या काळी हे धाडसच होतं. ते स्वतः शिवाजी झाले. तानाजीचा सोबती शेलारमामा झाला व्ही. शांताराम नावाचा तरुण. चित्रपटाला एवढी गर्दी लोटली, की ती पाहूनच सरकारला करमणूक कर सुचला, असं आजही सांगतात.

१९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ आला. माझ्या मते कंपनीचं खरं मोठेपण त्यात आहे, पण नाव झालं ते तरवारीनंच. मग घर फुटलं. कंपनीतले दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम बाहेर पडले आणि १ जून १९२९ ला त्यांची ‘प्रभात’ फिल्म कंपनी निघाली. बाबूराव नसते तर ही मंडळी घडली नसती. पण ती गेल्यावर कंपनीही फार तगली नाही, १९३१ च्या सुमारास थांबली. तिकडे जपानातही झातोइची-योजिंबोची झुंज पडद्यावर आणणारी दाइएइ कंपनी १९७१ मध्ये दिवाळखोरीत गेली.

१९३३ मध्ये शांतारामांनी ‘सिंहगड’ पुन्हा केला, या वेळी बोलपट. १९२३ च्या मूळ मूकपटाची प्रत मात्र आज उपलब्ध नाही. कंपनीची आठवण म्हणून कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे.