रॉकर आर्म, सागरी इंजिनातील

(बोलीत 'रॉकर'). नौकेच्या डिझेल इंजिनाच्या हेडवर शाफ्टवर डुलणारी लोखंडी तरफ. कॅमशाफ्टची उचल टॅपेट व पुशरॉडमार्फत तिच्या एका टोकाला मिळते. दुसरे टोक खाली जाऊन स्प्रिंग दाबते व व्हॉल्व्ह उघडतो. सिलिंडरमागे दोन व्हॉल्व्ह असलेल्या 6 सिलिंडरच्या इंजिनात असे 12 रॉकर असतात. चार-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. म्हणजे मिनिटाला 1,500 फेऱ्यांच्या वेगात प्रत्येक रॉकर 750 वेळा डुलतो.

इंजिन बांधण्याचा हंगाम : महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. उत्तन, वसई, सातपाटी, हर्णै येथे नौका शाकारल्या की इंजिनाची कामे निघतात : लायनर-पिस्टन, बेअरिंग, हेडचे फेसिंग, व्हॉल्व्ह घासणे. नव्याने बांधलेल्या इंजिनाची खरी परीक्षा ऑगस्टमधल्या पहिल्या फेऱ्यांत होते आणि रॉकर मोडायचा तो बहुधा तेव्हाच मोडतो.

मोडण्याची कारणे : बांधलेल्या इंजिनात रॉकर क्वचितच स्वतःच्या दोषाने मोडतो. व्हॉल्व्ह हलायला तयार नाही आणि कॅम थांबायला तयार नाही, अशा पेचात मधला भाग जातो. पुशरॉड वाकतो किंवा रॉकर तुटतो. टायमिंग गिअरची खूण चुकली तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला धडकतो. व्हॉल्व्हचे नवे गाइड घट्ट बसवले व नीट रीमर फिरवला नाही तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी त्यात अडकते. हेडचे फेसिंग केले की हेड तेवढे खाली बसते, पुशरॉड मात्र पूर्वीच्याच लांबीचा राहतो. टॅपेट (म्हणजे रॉकर व व्हॉल्व्हच्या दांडीमधली फट) नव्याने सेट न केल्यास व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही; फेसिंग जास्त झाले असेल तर तो पिस्टनलाही लागतो. हेड गॅस्केटला फासलेल्या सोल्युशनने तेलाचे छिद्र बुजले, तर रॉकरचा बुश शाफ्टवर कोरडा घासून जाम होतो.

खास सागरी कारण पाण्याचे. ज्या इंजिनांत थंड करून आलेले समुद्राचे पाणी एक्झॉस्टमध्येच सोडलेले असते, तेथे इंजिन सुरू न होता स्टार्टर पुनःपुन्हा मारला की ते पाणी सायलेन्सरमध्ये साचते आणि उलट सिलिंडरकडे येते. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी गंजून गाइडमध्ये धरते. दोन महिने बंद राहिलेल्या इंजिनात हे अधिक घडते. कारण यांपैकी कोणतेही असो, ते न शोधता नुसता नवा रॉकर चढवला, तर तोही त्याच जागी मोडतो. या नोंदीत कारणांना अधिक जागा दिली आहे ती यामुळेच.

बदलण्याची रीत : शाफ्टचे बोल्ट दोन्ही टोकांकडून मधल्या बाजूला, थोडे थोडे, आळीपाळीने सैल करतात; एकच बोल्ट पुरता काढला तर स्प्रिंगांच्या दाबाने शाफ्ट वाकतो. पुशरॉड ज्या छिद्रातला त्याच छिद्रात परत जावा म्हणून पुठ्ठ्यात क्रमाने खोचून ठेवतात. काचेवर गडगडवला की वाकलेला पुशरॉड लगेच कळतो. रॉकरचे तुकडे जुळवून सगळे मिळाले याची खात्री करावी लागते, कारण पुशरॉडच्या छिद्रातून एखादा तुकडा ऑइल संपमध्ये पडलेला असू शकतो. त्यानंतर व्हॉल्व्हची दांडी लाकडी हातोडीने हलकेच दाबून पाहतात. ती चटकन वर आली नाही किंवा तिची उंची शेजारच्या दांड्यांशी जुळली नाही, तर हेड उतरवण्याला पर्याय नाही.

नवा रॉकर बसवून शाफ्ट आवळल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवतात. कुठे अडले तर जोर करायचा नाही. टॅपेट सेट करण्यासाठी 1-5-3-6-2-4 या फायरिंग क्रमाच्या इंजिनात 6 व्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह उघडझापीच्या मध्यावर आणले की 1 ला सेट होतो. याचप्रमाणे 2-5 आणि 3-4 या जोड्या घेतात. फट किती ठेवायची व ती गरम की थंड इंजिनावर मोजायची, हे त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेवरून ठरते. घासलेल्या जुन्या रॉकरच्या तोंडावर खळगा पडलेला असतो. फिलर गेज त्या खळग्यावरून आडवा जातो, म्हणून गेजवर फट बरोबर दिसली तरी प्रत्यक्षात ती जास्त असते आणि टॅपेट वाजत राहतो. कव्हर लावण्यापूर्वी इंजिन मंद चालवून प्रत्येक रॉकरवर तेल येते का, ते पाहणे अनिवार्य. काही तास चालल्यावर फट पुन्हा तपासतात.

सुटे भाग : नवे मिळाले नाहीत तर मुंबईत दारूखाना व कुर्ल्याच्या बाजारात जुने शोधतात. तुटलेला रॉकर वेल्डिंगने जोडल्यास कठीण केलेल्या पृष्ठभागाचा कस उतरतो; तो बंदरापर्यंत येण्यापुरता ठीक.

मोहने-कल्याण परिसर : मोहने हे आंबिवली स्थानकाजवळचे, उल्हास नदीकाठचे गाव; कल्याण-डोंबिवली महापालिकेत. याच नदीच्या खाडीवर, खालच्या अंगाला, कल्याणचे जुने बंदर होते. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी येथे जहाजबांधणी सुरू केली. या परिसराचा नौकांशी आजचा संबंध वेगळा आहे : अशोक लेलँडची 6 सिलिंडरची इंजिने ट्रकमध्येही असतात व नौकेतही. थंड करण्याची व्यवस्था आणि गिअरबॉक्स निराळे. हेडवरचे काम मात्र बरेचसे तेच. म्हणून कल्याण-भिवंडी रस्त्यावरच्या ट्रकचे हेड उतरवणाऱ्या मिस्त्रीला नौकेच्या इंजिनाचा रॉकर परका नसतो. खाडीतील रेती उपशाच्या सक्शन पंपांनाही डिझेल इंजिने असतात.

आउटबोर्ड मोटारी : दोन-स्ट्रोक पेट्रोल मोटारींच्या हेडवर व्हॉल्व्ह नसतात, त्यामुळे रॉकरही नसतो.