गर्भारपणातील मळमळ व वैद्यकीय मदत (सावनेर)

गर्भारपणातील मळमळ व उलट्या साधारणतः सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होऊन बहुधा विसाव्या आठवड्यापर्यंत ओसरतात. ‘डोहाळे आहेत, सहन कर’ असे सुनेला सांगितले जाते. हा सल्ला धोक्याचा ठरू शकतो. पाणीही पोटात न टिकणे, लघवी कमी व गडद होणे, चक्कर येणे, वजन पाच टक्क्यांहून अधिक घटणे ही या त्रासाच्या तीव्र रूपाची लक्षणे होत. विदर्भाच्या उन्हाळ्यात शरीरातील पाणी झपाट्याने घटते, मग सलाइनही लावावे लागू शकते. एरवी थोडे-थोडे खाणे आणि डॉक्टरांनी दिलेले डॉक्सिलामाइन-पायरिडॉक्सिन हे औषध बहुतेकींना पुरते. तीव्र लक्षणे दिसल्यास उपचारासाठी सावनेरला शासकीय ग्रामीण रुग्णालय आहे. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी नागपूरचे डागा स्मृती स्त्री रुग्णालय आहे. 2011 पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात गर्भवतीला औषधे, तपासण्या व वाहतूक मोफत मिळते. रुग्णवाहिकेसाठी 102 क्रमांकावर फोन करावा.