मांडव कोणाचा? काँग्रेसचे अधिवेशन आणि समाजसुधारकांची परिषद (१८८५–१९१९)

१/
डिसेंबर १८९५ची अखेर. मुंबईहून सुटलेल्या आगगाड्या बोरघाट चढून लोणावळ्यास येत आणि मावळातून, तळेगाव-सोमाटण्याच्या बाजूने, पुण्याची वाट धरीत. त्या दिवसांत याच मार्गाने काँग्रेसच्या अकराव्या अधिवेशनाचे प्रतिनिधी पुण्यास पोहोचत होते. पुण्यात मात्र कित्येक आठवडे एका मांडवावरून रण माजले होते.

२/
वादाचा विषय वरवर पाहता किरकोळ होता. काँग्रेसचे अधिवेशन संपल्यावर त्याच मांडवात ‘राष्ट्रीय सामाजिक परिषद’ भरू द्यावी की नाही? पण या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला होता. विधवांचे, बालविवाहाचे, अस्पृश्यतेचे दुःख हा ‘राष्ट्राचा’ प्रश्न आहे की नाही, हे ठरवायचे कोणी?

३/
प्रारंभापासून पाहू. काँग्रेसचे पहिले अधिवेशन १८८५ साली पुण्यातच भरायचे होते. पटकीची साथ आली आणि ते मुंबईस, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवावे लागले. ७२ प्रतिनिधी जमले. त्याच प्रसंगी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि मद्रासचे दिवाण बहादूर रघुनाथराव यांनी समाजसुधारणेवर व्याख्याने दिली. राजकारणासाठी जमलेल्या मंडळींपुढे समाजाचा प्रश्न मांडण्याचा हा पहिला प्रयत्न होय.

४/
पुढच्याच वर्षी कलकत्त्यास अध्यक्ष दादाभाई नौरोजी यांनी मर्यादा आखून दिली. ज्या प्रश्नांत सारे राष्ट्र प्रत्यक्ष सहभागी आहे तेवढेच काँग्रेसने हाती घ्यावेत. सामाजिक सुधारणा त्या त्या समाजाच्या परिषदांवर सोपवाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती एकत्र बसवायचे तर एकाच्या घरातील चालीरीतींवर दुसऱ्याने मत देणे धोक्याचे, हा त्यामागचा विचार होता.

५/
रानड्यांनी त्यातून वाट काढली. डिसेंबर १८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसच्या जोडीनेच सामाजिक परिषदेची स्थापना झाली. अध्यक्षस्थानी होते सर टी. माधवराव. संस्था निराळी, पण गाव तेच, आठवडा तोच, बहुतेक माणसेही तीच. यापुढे काँग्रेसचे काम आटोपले की त्याच मांडवात सामाजिक परिषद भरू लागली.

६/
या युक्तीचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. देशभरातील वकील, संपादक, शिक्षक, संस्थानांचे दिवाण वर्षातून एकदाच एकत्र येत. त्यांना दुसऱ्यांदा प्रवास करायला लावणे अशक्य. म्हणून ते जेथे जमतात तेथेच पुनर्विवाह मंडळ्या, मद्यपाननिषेधक सभा, स्त्रीशिक्षणाच्या संस्था यांचे वर्षभराचे कार्य त्यांच्या कानी घालायचे. रानडे स्वतः सरकारी न्यायाधीश होते. काँग्रेसचे पद त्यांना घेता येत नव्हते. सामाजिक परिषदेच्या व्यासपीठावर मात्र ते उघडपणे उभे राहू शकत होते.

७/
आज ब्रिटनमध्ये राजकीय पक्षांची वार्षिक अधिवेशने भरतात, तेव्हा मुख्य सभागृहाबाहेर धर्मादाय संस्थांच्या अनेक छोट्या सभा होतात. तेथे ठरावाला बंधन नसते, पण नेत्याशी गाठ पडते. रानड्यांची परिषद याच जातीची होती. तिचे बळ सहवासात होते आणि तिची दुर्बलताही तेथेच होती, कारण मांडव दुसऱ्याचा होता.

८/
१८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. विवाहित मुलीशी शरीरसंबंधाची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. परक्या सरकारने कायद्याने धर्माचारात हात घालू नये, या भूमिकेवरून लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून त्यास कडाडून विरोध केला; सुधारकांनी पाठिंबा दिला. पुण्यातील दोन पक्षांमधील दरी तेव्हापासून रुंदावत गेली. १८९५ मध्ये सार्वजनिक सभाही टिळकपक्षाच्या हाती आली.

९/
अशा वातावरणात अधिवेशनाचे यजमानपद पुण्याकडे आले. सुधारणाविरोधी मंडळींनी मागणी केली की काँग्रेसच्या मांडवात सामाजिक परिषद होता कामा नये. प्रकरण इतके चिघळले की परिषद तेथे भरली तर मांडव जाळून टाकू, अशी धमकी दिली गेली. या वादाच्या ओघात टिळक स्वागत समितीच्या चिटणीसपदावरून दूर झाले.

१०/
टिळकपक्षाच्या युक्तिवादाकडे केवळ सनातनीपणा म्हणून पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. काँग्रेस मूठभर इंग्रजी शिकलेल्यांची राहू नये, सामान्य माणूस तिच्यात यावा, असा त्यांचा आग्रह होता. तो सामान्य माणूस सुधारकांना बिचकतो. काँग्रेस म्हणजे सुधारकांचा अड्डा असा समज झाला तर तो फिरकणार नाही. शिवाय वर्गणी साऱ्या गावाची, मग मांडव एका पक्षाचा का? हा हिशेब राजकीयदृष्ट्या भक्कम होता. त्यात जमेस धरला नव्हता तो विधवेचा आणि अस्पृश्याचा आवाज. ‘सामान्य माणूस’ या शब्दांत त्यांना जागा नव्हती.

११/
रानड्यांनी माघार घेतली. अधिवेशन फुटू नये म्हणून सामाजिक परिषद स्वतंत्र मांडवात भरवण्यात आली. काँग्रेसचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी आपल्या भाषणात सांगितले की सामाजिक प्रश्न घेतले तर तीव्र मतभेद होतील आणि त्यांचे पर्यवसान फुटीत होईल, म्हणून ते बाहेर ठेवणेच इष्ट. आठ वर्षांची वहिवाट अशा रीतीने पुण्यात मोडली. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, रानडे-गोखले यांच्या पक्षाने सार्वजनिक सभेला पर्याय म्हणून ‘डेक्कन सभा’ स्थापन केली.

१२/
चाळीस वर्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच मांडवाची आठवण काढली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि प्रत्यक्षात न झालेले, १९३६ साली त्यांनी स्वतः छापलेले ते प्रसिद्ध भाषण. सामाजिक परिषद का हरली, याची त्यांनी केलेली मीमांसा नेमकी आहे. परिषद उच्चवर्णीय हिंदू कुटुंबाच्या सुधारणेत गुंतली. बालविवाह, सक्तीचे वैधव्य हे तिचे विषय. जातिव्यवस्था मोडण्याचा प्रश्न तिने लावून धरलाच नाही. त्यामुळे तिच्या पाठीशी उभा राहील असा मोठा समाज तिला मिळाला नाही.

१३/
तरीही मांडवाबाहेरचे सारेच वाया गेले असे नाही. डिसेंबर १९१५ मध्ये काँग्रेस मुंबईस भरली, तेव्हा सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदी धोंडो केशव कर्वे होते. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला होता. या अध्यक्षीय भाषणात त्यांनी स्वतंत्र महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते विद्यापीठ सुरूही झाले. येथे परिषदेने राजकारण्यांकडे ठराव मागितला नाही. त्यांच्या गर्दीपुढे कल्पना ठेवली आणि काम आपणच केले.

१४/
अस्पृश्यतेच्या प्रश्नाला मात्र हा मार्ग पुरणारा नव्हता. तेथे विहीर, शाळा, कचेरी साऱ्या गावाच्या मालकीच्या होत्या. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत ‘निराश्रित साह्यकारी मंडळी’ स्थापन केली. शाळा आणि वसतिगृहे चालवणारी ही संस्था. तिचे अध्यक्ष होते सर नारायण चंदावरकर. १९००च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवलेले आणि रानड्यांच्या मागे सामाजिक परिषद सांभाळणारे गृहस्थ. संस्था आणि पक्ष यांच्यातील पूल म्हणावा तर ते हेच.

१५/
ऑगस्ट १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू यांनी टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. स्वराज्याच्या मागणीसाठी १९१६च्या लखनौ अधिवेशनात तयार झालेली काँग्रेस-लीग योजना साऱ्या देशाची आहे, असे दाखवणे आता काँग्रेसला निकडीचे झाले. इतकी वर्षे मांडवाबाहेर ठेवलेल्या समाजाचे मत अचानक मोलाचे ठरले.

१६/
११ नोव्हेंबर १९१७ रोजी मुंबईत अस्पृश्य वर्गाची सभा झाली, अध्यक्ष चंदावरकर. सभेने काँग्रेस-लीग योजनेस पाठिंबा दिला. लोकसंख्येच्या प्रमाणात आपले प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मागितला, मोफत व सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली. आणि अस्पृश्यांवरील निर्बंध दूर करण्याचा ठराव काँग्रेसने आगामी अधिवेशनात करावा, अशी विनंती करण्याचा अधिकार अध्यक्षांना दिला. एका हाताने पाठिंबा, दुसऱ्या हाताने ठराव.

१७/
त्याच महिन्यात मुंबईत दुसरी सभा भरली. अध्यक्ष होते बापूजी नामदेव बागडे. आधीच्या सभेत काहीही जाहीर झालेले असो, आमचा या योजनेस पाठिंबा नाही, असे या सभेने ठरवले. मागासलेले वर्ग राज्यकारभारात खऱ्या अर्थाने भाग घेण्याइतके वर येईपर्यंत सत्ता ब्रिटिशांच्या हातीच राहावी, असे तिचे मत पडले. ज्यांच्या नावाने बोलणी चालली होती, त्यांचे मत एकच नव्हते, हे आठवडाभरात उघड झाले.

१८/
डिसेंबर १९१७, कलकत्ता. अध्यक्षा अ‍ॅनी बेझंट. जी. ए. नटेसन यांनी ठराव मांडला, भुलाभाई देसाई यांनी अनुमोदन दिले, आणि रूढीने लादलेले निर्बंध दूर करणे आवश्यक व न्याय्य आहे, असे काँग्रेसने प्रथमच मान्य केले. स्थापनेनंतर बत्तीस वर्षांनी. हा ठराव म्हणजे पाठिंब्याची परतफेड होती, असा आंबेडकरांचा १९४५ सालच्या ग्रंथातील निष्कर्ष आहे. तो मान्य करा वा न करा, तारखांचा क्रम त्याच दिशेने बोट दाखवतो.

१९/
ठरावाने काय बदलले? ठरावात आवाहन ‘भारतीय जनतेला’ होते. सभासदांवर बंधन कोणतेही नव्हते. मार्च १९१८ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत अस्पृश्यतानिवारण परिषद भरली, तेव्हा हा फरक ठळक झाला. लोकमान्य टिळक तेथे अस्पृश्यतेविरुद्ध जोरकस बोलले. परंतु ‘मी स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही’ अशा आशयाच्या जाहीरनाम्यावर सहीची वेळ आली, तेव्हा त्यांची सही झाली नाही.

२०/
पुण्यात जागा नाकारली गेली, कलकत्त्यात ती मिळाली. पण दोन्ही वेळा जागेचा निर्णय मांडवाच्या मालकाने स्वतःच्या गरजेप्रमाणे केला. रानडे, चंदावरकर, शिंदे यांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही ही बोलणी दुसऱ्यांच्या वतीने चालली होती. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे तरुण आंबेडकरांनी साक्ष दिली आणि अस्पृश्यांना मताधिकार व स्वतःचे प्रतिनिधी हवेत, असे मांडले. त्यासाठी त्यांनी कोणाच्या मांडवात जागा मागितली नव्हती.