चालीने रुजवलेली कविता

जर्मन कवितेला संगीतात खरी उंची एकोणिसाव्या शतकात शूबर्टने दिली, असे सर्रास समजले जाते. बरोक काळाचा पुरावा वेगळे सांगतो. नवी जर्मन पद्यरचना लोकांच्या ओठी रुजवण्यात तेव्हाच्या चालींचा मोठा वाटा होता. १६२४ मध्ये मार्टिन ओपिट्झ यांनी आपल्या काव्यशास्त्राच्या ग्रंथात बोलण्यातला स्वाभाविक आघात हाच छंदाचा पाया मानला. तीनच वर्षांनी हाइनरिख श्युट्झ यांनी ओपिट्झ यांच्या ‘डाफ्ने’ या संगीतनाटकाच्या संहितेला संगीत दिले, ते आज उपलब्ध नाही. क्योनिग्सबर्गच्या कॅथेड्रलचे ऑर्गनवादक हाइनरिख आल्बर्ट यांचे गीतसंग्रह मात्र टिकले. १६३८ ते १६५० या काळात ते आठ भागांत छापले गेले आणि त्यांत सिमोन डाख यांच्या अनेक कविता आहेत.

अशा गीतांत सगळ्या कडव्यांना एकच चाल लावली, तर प्रत्येक कडव्याचा वेगळा भाव कसा उमटणार, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे, पण तो या गीतांचा हेतू विसरतो. यांतली कितीतरी गीते लग्न, अंत्यविधी आणि मित्रांच्या बैठकीसाठी रचलेली होती. एक आवाज आणि खालच्या स्वरांची साथ एवढ्यावर ती उभी राहत. १६१८ ते १६४८ च्या युद्धाने दरबारी वाद्यवृंद खिळखिळे केले असताना हा आटोपशीरपणा मोलाचा होता. शिवाय चाल ओळखीची झाली की कान बदलत्या शब्दांकडे लागतो. शैलीवर इटलीचा प्रभाव होता, हे मान्य. पण सुरांनी जपलेले आघात जर्मन भाषेचेच होते. म्हणून या गीतांकडे शूबर्टची पूर्वतयारी म्हणून न पाहता, कवी आणि संगीतकारांनी मिळून घडवलेली स्वतंत्र परंपरा म्हणून पाहणेच न्याय्य ठरते.