मेहुण्याला घरी आणण्याचा गुन्हा

वाळवंटात पायी चालणाऱ्याची वाट पाणी आखून देते. कोलोरॅडो नदीपासून पश्चिमेस पसरलेल्या मोहावे वाळवंटात एका झऱ्यापासून दुसऱ्या झऱ्यापर्यंत जाणारी पायवाट प्रथम मोहावे लोकांनी पाडली. १७७६ साली फ्रान्सिस्को गार्सेस हा स्पॅनिश पाद्री त्यांच्याच वाटाड्यांमागून पलीकडे गेला. १८५७ मध्ये एडवर्ड बील याने सरकारी हुकमाने उंट बरोबर घेऊन गाडीरस्त्याची पाहणी केली. १८८३ साली रेल्वे आली, ती झऱ्यांच्या दक्षिणेकडून. पाणी नसेल तेथे तिने ते टाक्यांतून वाहून आणले, आणि अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅन्बी अशी वर्णानुक्रमाने नावे दिलेली ठाणी वसविली. या रुळांच्याच सोबतीने पुढे १९२६ साली नामांकित झालेला '६६ क्रमांकाचा रस्ता' गेला.

नाताळच्या सुटीत ग्रँड कॅनियन पाहून आम्ही लॉस एंजेलिसला घरी परतत होतो. गाडी भाचा चालवीत होता. कॅलिफोर्नियाच्या हद्दीत शिरल्यावर नाक्यावरील अधिकाऱ्याने, "फळे आहेत का?" एवढेच विचारले. शेतीला कीड लागू नये म्हणून ही चौकशी असते. "मामा, एवढ्यासाठी गाड्या थांबवतात?" असे भाच्याने हसून म्हटले. मला मात्र १९३६ साल आठवले. त्या वर्षी या राज्याला कीड वाटत होती ती माणसांची.

मंदी, दुष्काळ आणि धुळीची वादळे यांनी ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा या भागांतील शेतकरी देशोधडीला लागले होते. मोडक्या मोटारींवर गाद्या-भांडी बांधून ते याच रस्त्याने येत. १९३६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने आपले १३६ शिपाई शहराबाहेर शेकडो मैलांवरील राज्याच्या सीमांवर पाठविले. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याला परत फिरवायचे, एवढेच त्यांचे काम!

ही नाकेबंदी लवकरच उठली. पण निर्धनास राज्यात आणणे हा गुन्हा ठरविणारा कायदा शिल्लक होता. १९३९ च्या डिसेंबरात फ्रेड एडवर्ड्स नावाचा गृहस्थ मेरीसव्हिलहून टेक्सासला गेला, आणि बायकोचा भाऊ फ्रँक डंकन याला मोटारीत घालून १ जानेवारी १९४० रोजी घराकडे निघाला. ॲरिझोना ओलांडून ते ३ तारखेस कॅलिफोर्नियात शिरले व ५ तारखेस घरी पोचले. डंकनपाशी निघताना सुमारे २० डॉलर होते. घर येईतो तेही संपले. बेकार मेहुण्याला आणल्याबद्दल एडवर्ड्सला सहा महिन्यांची शिक्षा झाली. ती तहकूब ठेवण्यात आली, इतकेच.

२४ नोव्हेंबर १९४१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही शिक्षा रद्द केली. परंतु निकालातील कारणमीमांसा वाचण्यासारखी आहे. बहुसंख्य न्यायमूर्तींनी माणसांची ने-आण हा आंतरराज्य व्यापार मानला आणि व्यापारास राज्याने अडथळा करू नये, असे म्हटले. चौघांना हे पुरेसे वाटले नाही. देशात कोठेही जाता येणे हा नागरिकत्वाचाच भाग होय, असे त्यांचे म्हणणे होते. डंकन मोकळा झाला तो माणूस म्हणून की वाहतुकीचा माल म्हणून, हा प्रश्न त्या निकालपत्रात उरलाच.

आपल्या राज्यघटनेने असा आडमार्ग ठेवला नाही. देशभर संचार करण्याचा व कोठेही स्थायिक होण्याचा हक्क १९५० साली १९ व्या कलमात स्वच्छ शब्दांत लिहिला गेला. तो हक्क वाजवी निर्बंधांना बांधलेला आहे, हे खरे. पण खिसा रिकामा असणे हा तसा निर्बंध मानायचा की नाही, याची परीक्षा घटनेच्या पानावर होत नसते; परगावचा मजूर गाठोडे घेऊन आपल्या वेशीशी येतो तेव्हा ती होते.