कारागृह, कोरोना आणि आजारी बंदी : न्यायालयांत काय घडले?

जुळे सोलापूर : कोरोना काळात बंद्यांच्या जिवाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतला. मार्च २०२० मधील आदेशानंतर राज्याराज्यांत उच्चाधिकार समित्या नेमल्या गेल्या. महाराष्ट्राच्या समितीने मे महिन्यात हजारो बंद्यांना तात्पुरते सोडायचे ठरवले, मात्र युएपीए, मोक्का अशा विशेष कायद्यांखालील बंदी वगळले. विषाणूला कलम कळत नाही, समितीने मात्र कलमच पाहिले. याविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये फेटाळली.

भीमा कोरेगाव-एल्गार प्रकरणातील ज्येष्ठ आरोपी त्यामुळे आतच राहिले. डॉ. आनंद तेलतुंबडे यांनी वय व कोरोनाचे कारण सांगून मुदत मागितली होती. ती नाकारली गेली आणि १४ एप्रिल २०२० रोजी, ऐन भीमजयंतीला, ते शरण गेले.

वरवरा राव यांचा निकाल कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावा असा आहे. ऐंशीच्या उंबरठ्यावरचे हे कवी तळोजा कारागृहात असताना जुलै २०२० मध्ये कोरोनाबाधित झाले. २२ फेब्रुवारी २०२१ रोजी न्या. एस. एस. शिंदे व न्या. मनीष पितळे यांच्या खंडपीठाने त्यांना सहा महिन्यांचा वैद्यकीय जामीन दिला. तळोजातील उपचारव्यवस्था अपुरी आहे, तिथे परत पाठवणे जिवावर बेतेल, म्हणून अनुच्छेद २१ खाली न्यायालयाने हस्तक्षेप केला. युएपीएचे कलम ४३-ड(५) आड आले नाही.

फादर स्टॅन स्वामींच्या वाट्याला हे आले नाही. कंपवाताने हात थरथरत, म्हणून पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा यासाठीही त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, जामीन अपील प्रलंबित असतानाच, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

साध्या गुन्ह्यांत वाट थोडी सोपी आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३७ मधील 'आजारी किंवा अशक्त' व्यक्तीसाठीची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये आहे. अर्जासोबत कारागृह रुग्णालयाची कागदपत्रे हवीत. ती देत नसतील तर न्यायालयाकडे वैद्यकीय अहवाल मागवण्याची विनंती करावी. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देते. उच्च न्यायालयातील अर्जासाठी सोलापूरकरांना आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर सर्किट बेंच सुरू आहे.